ऑक्सिजन सेन्सर: बदलण्याआधी काय तपासायचं, आणि बाहेरचा घालताना काय बघायचं

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, गॅरेजात स्कॅनर लावला आणि त्यावर ‘ओटू सेन्सर’, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, असं काही उमटलं, की पुढचं बोलणं ठरलेलं असतं. “सेन्सर गेलाय बघा साहेब. बदलूनच टाकूया की.” शोरूमच्या काउंटरवरचा भाव ऐकून गाडीमालक गप्प होतो, मग मेस्त्रीच वाट सुचवतो, “बाहेरचा घालूया, निम्म्यात होतंय.” बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी, कुठंही गेलात तरी हेच ऐकू येतं. यात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेले आहेत. सेन्सर खरंच गेलाय का, आणि बाहेरचा घातला तर चालेल का? दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘चालेल, पण बघून घ्या’ असं आहे. पहिल्याचं उत्तर मात्र तपासल्याशिवाय कुणीच देऊ नये. लोकांचे पैसे जास्त करून तिथंच जातात.

आधी हा सेन्सर करतो काय ते समजून घेऊ. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड घालणारा माणूस आतली आग कशी आहे ते धुराड्याकडे बघून ओळखतो. काळाकुट्ट धूर निघाला की जळण जास्त झालं, हात आवरायचा. पेट्रोल गाडीत हेच काम ऑक्सिजन सेन्सर करतो, फक्त तो धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. ऑक्सिजन जवळजवळ उरलाच नसेल तर पेट्रोल जास्त पडतंय, बराच उरला असेल तर कमी पडतंय. ही खबर ईसीयूकडे, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरकडे जाते आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे तो त्यावरून ठरवतो. इंजिन गरम झाल्यापासून बंद होईपर्यंत हे अखंड चालू असतं.

एवढा काटेकोर हिशेब कशासाठी? निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिघांनाही एकाच वेळी आवरतो, पण हे प्रमाण त्या आकड्याच्या अगदी आसपास असेल तरच. प्रमाण सतत एका बाजूला सरकलेलं राहिलं तर ॲव्हरेज पडतं, धूर वाढतो आणि जादा पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. त्या उष्णतेनं आतली जाळी वितळू शकते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात. त्यामुळे सेन्सर खरोखर बिघडला असेल तर ‘दिवा लागू दे, गाडी तर चालतेय’ म्हणून महिनोन्महिने फिरवणं पुढं फार महागात पडतं.

सेन्सरच्या आत झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची छोटी टोपी असते, दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा पातळ थर दिलेली. तिच्या बाहेरून धूर वाहतो आणि आत साधी हवा असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक पडला की ही टोपी स्वतःच थोडी वीज तयार करते. पेट्रोल जास्त असेल तर ०.८ ते ०.९ व्होल्ट, कमी असेल तर ०.१ च्या आसपास. मात्र ती साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट कामच करत नाही. म्हणून तिला तापवायला आत छोटा हीटर दिलेला असतो, आणि चार वायरींपैकी दोन त्या हीटरच्या असतात. बॉश कंपनीचा असा पहिला सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत बसला. गाड्यांच्या धुराबाबतच्या सरकारी निकषांच्या बीएस-६ टप्प्यातही अनेक गाड्यांत मूळ तत्त्व तेच आहे.

बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल गाड्यांत सहसा असे दोन सेन्सर असतात. कन्व्हर्टरच्या आधीचा पहिला सेन्सर पेट्रोलचं प्रमाण ठरवायला मदत करतो. कन्व्हर्टरनंतरचा दुसरा, कन्व्हर्टर काम करतोय की नाही यावर लक्ष ठेवतो. स्कॅनरवर ‘बँक १ सेन्सर १’ आलं तर पुढचा, ‘बँक १ सेन्सर २’ आलं तर मागचा. बँक म्हणजे सिलिंडरांची रांग, आपल्याकडच्या बहुतेक तीन-चार सिलिंडरच्या गाड्यांत ती एकच असते. हे मालकाला ठाऊक असणं फार गरजेचं आहे, कारण पुढच्याचा कोड असताना मागचा बदलला, आणि मग ‘पार्टच खराब निघाला’ म्हणून भांडण झालं, असंही घडतं.

आता कोड, म्हणजे स्कॅनरवर उमटणारे दोषांचे क्रमांक. पी०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट, पी०१४१ म्हणजे मागच्याच्या. पी०१३३ म्हणजे पुढचा सेन्सर हळू प्रतिसाद देतोय. हे कोड सेन्सरकडे किंवा त्याच्या वायरिंगकडे बोट दाखवतात. पण पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, पी०१७२ म्हणजे जास्त पडतंय, आणि पी०४२० म्हणजे कन्व्हर्टरचं काम उणं पडतंय. या तिन्हींत सेन्सरनं बहुतेक वेळा खरी खबर दिलेली असते आणि दोष भलतीकडेच असतो. तरीही सर्वांत जास्त सेन्सर बदलले जातात ते याच कोडांवर. मला हे मनापासून खटकतं, कारण तो खर्च करूनही गाडी होती तशीच राहते.

भलतीकडे म्हणजे कुठं? सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं, पॅकिंग फुंकत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. थंड इंजिन सुरू करताना ‘टक टक’ असा आवाज येऊन गरम झाल्यावर तो कमी होत असेल तर आधी तिथं बघा. इनटेकची, म्हणजे इंजिनात हवा नेणारी, रबरी नळी चिरली तरी हेच होतं. एअर फ्लो सेन्सर मळला, फ्युएल पंपाचं प्रेशर उतरलं, एखादा इंजेक्टर गळू लागला, तरी दिवा लागतो आणि नाव मात्र ऑक्सिजन सेन्सरचं येतं.

आपल्या भागात आणखी दोन-तीन गोष्टी आहेत. पहिली, उंदीर. घराशेजारी गोठा नाहीतर गोदाम असेल तर बॉनेटखालच्या वायरी कुरतडलेल्या सापडणं नवीन नाही, आणि हीटरची वायर तुटली की थेट पी०१३५. दुसरी, पाऊस. खानापूर, कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला पावसाळाभर फिरणाऱ्या गाडीचा मागचा सेन्सर रस्त्याला जवळ असतो. त्याच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगमध्ये, पाणी शिरलं की पिनांवर हिरवट गंज चढतो. कपलर काढून पिना डोळ्यांनी बघायला एक पैसा लागत नाही. बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर किटवाल्यानं सेन्सरच्या वायरीला जोड मारलाय का आणि तो सैल झालाय का, हेही बघा.

तिसरी गोष्ट पेट्रोलचीच. २०२५ पासून बहुतेक पंपांवर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेलं आहे, आणि इथेनॉल आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतही बनतं. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते जळायला हवा कमी लागते आणि १४.७ चा आकडा साधारण १३.५ वर येतो. त्याच प्रमाणात इंजिनाला थोडं जास्त इंधन द्यावं लागतं आणि ईसीयू ते देतो. शिवाय इथेनॉलमध्ये लिटरमागची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशानं कमी असते. तेव्हा ॲव्हरेज थोडं घसरलं एवढ्यावरून सेन्सरला दोषी धरू नका. हां, गाडी जुनी असेल आणि इंजेक्टर-पंप आधीच काठावर असतील, तर या पेट्रोलवर पी०१७१ डोकं वर काढू शकतो. पण तिथंही सेन्सर खरंच बोलत असतो.

तपासायचं कसं? स्टीअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात लावायचं ब्लूटूथ अडॅप्टर स्वस्तात मिळतं आणि मोबाइलवर आकडे दिसतात. कोड वाचून थांबू नका, लाइव्ह डेटा उघडा. इंजिन पूर्ण गरम करून दोन-अडीच हजार आरपीएमवर धरा. जुन्या पद्धतीचा पुढचा सेन्सर ठीक असेल तर त्याचा आकडा ०.१ ते ०.९ च्या दरम्यान भराभर वर-खाली उड्या मारताना दिसतो. मागच्याचा ०.६-०.७ च्या आसपास बऱ्यापैकी स्थिर असतो. मग ॲक्सिलरेटर एकदम दाबा आणि सोडा. दाबताच आकडा ०.८ च्या वर जायला हवा, सोडल्यावर खाली कोसळायला हवा. तो असा तत्परतेनं हलत असेल तर सेन्सर जिवंत आहे, दुसरीकडे शोधा. एकाच आकड्यावर चिकटून बसला किंवा आळसावल्यासारखा सावकाश सरकला, तर संशय खरा.

त्याच स्क्रीनवर ‘फ्युएल ट्रिम’ दिसेल. ईसीयू ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, तो हा आकडा. दोन्ही बाजूंना दहाच्या आत असेल तर काळजी नाही. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, तो अधिक २० दिसतो आणि अडीच हजार आरपीएमवर निम्म्याहून खाली येतो, असं असेल तर जवळजवळ नक्की कुठूनतरी हवा शिरतेय. या एका आकड्यानं बरेच सेन्सर वाचतील.

हीटरच्या कोडासाठी तर साधा मल्टिमीटर पुरतो. थंड इंजिनात कपलर काढून सेन्सरच्या बाजूनं हीटरच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. मॉडेलप्रमाणे तो काही ओहमपासून पंधराएक ओहमपर्यंत असतो. मीटर ‘ओपन’ दाखवत असेल तर हीटर जळालाय. रेझिस्टन्स ठीक असेल तर गाडीच्या बाजूनं चावी चालू करून बारा व्होल्ट येतात का ते बघा, आणि फ्यूज तपासा. हीटरला फ्यूज असतो हे घाईत विसरलं जातं. एक विनंती, वायरीत सुई टोचून मोजू नका, कपलरच्या मागच्या बाजूनं मोजा.

सेन्सर खरोखर गेला असेल तर तो का गेला तेही विचारा. हीटरवाले सेन्सर साधारण दीड लाख किलोमीटरपर्यंत टिकावेत अशी अपेक्षा असते. त्याआधीच गेला तर काढलेल्या सेन्सरचं टोक उजेडात धरून बघा. कोरडी काळी काजळी असेल तर इंजिन बरेच दिवस जास्त पेट्रोल पीत होतं. तपकिरी, तेलकट थर असेल तर इंजिन ऑइल जळतंय. पांढुरकी पूड असेल तर कूलंट आत गळतंय, किंवा पॅकिंगला चुकीचं सिलिकॉन लावलंय. सिलिकॉनची वाफ या सेन्सरला मारते, म्हणून ट्यूबवर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलंच वापरायचं. पूर्वी शिशाचं पेट्रोलही असंच मारत असे. ते देशभरात २००० साली बंद झालं. मूळ रोग तसाच ठेवून नवा सेन्सर घातला तर त्याचीही तीच गत होते, मग तो कंपनीचा असो की बाहेरचा.

आता बाहेरच्या पार्टकडे येऊ. कुठलीच कार कंपनी सहसा हे सेन्सर स्वतः बनवत नाही. बॉश, डेन्सो, एनटीके यांच्यासारखे मोजके निर्माते ते बनवतात, कार कंपन्यांना पुरवतात आणि स्वतःच्या खोक्यातही विकतात. तुमच्या गाडीत मुळात ज्याचा सेन्सर होता, त्याच निर्मात्याचा, त्याच्याच खोक्यातला, तुमच्या मॉडेलसाठीचा पार्ट मिळाला, तर शोरूमपेक्षा कमी पैशांत तुम्ही जवळजवळ तीच वस्तू घेताय. माझ्या मते हा सर्वांत शहाणा सौदा. दुसऱ्या नावाजलेल्या निर्मात्याचा, पण तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेला आणि तोच कपलर असलेला सेन्सरही चालतो. नावगाव नसलेल्या खोक्यातला ‘लोकल’ मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. तो पहिल्या दिवशी दिवा विझवेल, पण सिरॅमिक आणि प्लॅटिनमच्या थरात काटकसर केली की तो हळू पडतो आणि काही महिन्यांत पी०१३३ घेऊन परत येतो.

दुकानात जाताना जुन्या सेन्सरचा नंबर घेऊन जा. तो धातूच्या अंगावर कोरलेला किंवा वायरीवरच्या पट्टीवर छापलेला असतो. पुसट झाला असेल तर चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. सेन्सर दिसायला सगळे सारखेच, आटेही बहुतेकांचे १८ मिलिमीटरचे, त्यामुळे चुकीचाही आरामात बसतो. पण पुढच्या-मागच्याची वायरीची लांबी आणि कपलर वेगळे असू शकतात. सर्वांत मोठी चूक होते ती जातीत. काही नव्या गाड्यांत पुढं साध्या सेन्सरऐवजी ‘वाइडबँड’ किंवा ‘एअर-फ्युएल’ सेन्सर असतो. तो मिश्रण किती जास्त, किती कमी तेही सांगतो. बऱ्याचदा त्याला पाच-सहा वायरी असतात, पण चार वायरींचेही असतात, म्हणून वायरी मोजून जात ठरवू नका. एकाच्या जागी दुसरा कधीच चालत नाही. वर सांगितलेली ०.१ ते ०.९ ची चाचणीही वाइडबँडला लागू नाही.

‘युनिव्हर्सल’ सेन्सर म्हणजे कपलर नसलेला. जुना कपलर कापून वायरी जोडायच्या. स्वस्त पडतो म्हणून हा बराच खपतो, आणि घोटाळा होतो तो रंगांत. बॉशच्या चार वायरींच्या सेन्सरमध्ये सहसा दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी अर्थिंगची. डेन्सोमध्ये सहसा दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी अर्थिंगची. म्हणजे ‘पांढरीला पांढरी, काळीला काळी’ असं सरळ जोडलं तर हीटरचे बारा व्होल्ट भलत्याच वायरीत जातात, आणि नुकसान ईसीयूपर्यंत पोचू शकतं. खोक्यातला रंगांचा तक्ता बघितल्याशिवाय मेस्त्रीला पक्कड हातात घेऊ देऊ नका. आणखी एक बारकावा आहे. सिरॅमिकच्या आतली साधी हवा अनेक सेन्सरमध्ये वायरींच्या तारांमधल्या पोकळीतूनच आत जाते. सोल्डर मारला तर ती वाट बुजते, म्हणून क्रिम्प करूनच, म्हणजे धातूची टोपी दाबूनच, जोडायचं. त्याच कारणानं कपलरमध्ये ग्रीस भरू नये.

नकली मालाची भीती खरी आहे. खोक्यावरचा क्यूआर किंवा होलोग्राम कंपनीच्या साइटवर तपासा, खोक्यावरचा आणि सेन्सरवरचा नंबर जुळतो का बघा. बाजारभावाच्या पावपट किमतीत नावाजलेला ब्रँड मिळत असेल तर तो अस्सल नाहीच. पार्ट बेळगावातच घ्या किंवा कोल्हापूर-हुबळीहून मागवा, जीएसटीचं पक्कं बिल घ्या. इलेक्ट्रिकल पार्ट एकदा बसवला की बरेच दुकानदार परत घेत नाहीत, हे आधीच विचारून ठेवा.

बसवणं तसं अवघड नाही, जुना काढणंच अवघड. आदल्या संध्याकाळी आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी इंजिन थोडं चालवून कोमट करा, हात भाजणार नाही एवढंच, मग काढा. बहुतेकांना २२ नंबरचा पाना लागतो. वायर बाहेर काढायला फट असलेला खास सॉकेट असेल तर उत्तम. इम्पॅक्ट गन लावू नका. आटे गेले तर मॅनिफोल्ड उतरवून बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या मशीन शॉपकडे आटे दुरुस्त करून घ्यायची वेळ येते. नवा सेन्सर हातानं फिरवत बसवा, वायरीला पीळ पडू देऊ नका, शेवटी ४० ते ५० न्यूटन मीटरला आवळा. आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे अडकू नयेत म्हणून लावायचा लेप, बहुतेक वेळा कंपनीनं लावूनच दिलेलं असतं. नसेल तर आट्यांपुरतंच लावा, टोकाला अजिबात नको. सेन्सर खाली पडला तर तो वापरू नका, आतलं सिरॅमिक तडकलेलं असू शकतं. वायर पूर्वीच्याच क्लिपांत अडकवा, नाहीतर ती सायलेन्सरला टेकून वितळते.

एक ‘उपाय’ मात्र कुणी सुचवला तर नको म्हणा. मागच्या सेन्सरखाली लांब नट घालून त्याला धुरापासून दूर ओढायचं किंवा रेझिस्टर लावून ईसीयूला फसवायचं, म्हणजे दिवा विझतो. कन्व्हर्टर मेलेला असतो तो मेलेलाच राहतो आणि त्याचा धूर शाळेच्या फाटकापाशी उभ्या पोरांच्या नाकात जातो. शिवाय बीएस-४ पासूनच्या पेट्रोल गाडीला एमिशन तपासणीत आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. नट घालून तो आकडा खाली येत नाही.

नवा सेन्सर बसला की जुना कोड पुसा आणि गाडी शहरात नुसती घुटमळवू नका. हायवेला संकेश्वरपर्यंत एकसारख्या वेगात जाऊन या, म्हणजे ईसीयूला आपल्या चाचण्या पूर्ण करता येतात. ट्रिमचे जुने आकडे नव्या सेन्सरप्रमाणे जुळायला थोडं चालवावं लागतं, म्हणून ॲव्हरेजचा निकाल पहिल्याच टाकीवर लावू नका. आठवड्यानं पुन्हा मोबाइल जोडून बघा. ट्रिम शून्याच्या जवळ आला असेल तर काम झालं. तोच कोड परत आला तर दुसरा सेन्सर मागवण्याआधी फ्यूज, कपलरच्या पिना आणि सेन्सरपासून ईसीयूपर्यंतची वायर तपासून घ्या, आणि तोवर जुना सेन्सर भंगारात देऊ नका. त्यावरचा नंबर दुकानदाराशी बोलताना लागेल.